तळीरामाचं गाव : 'एकच प्याला'च्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मराठी वर्तमानपत्रांत तळीराम उगवतात. तळीरामांवर पोलिसांची नजर असते, तळीरामांचा धिंगाणा चालतो आणि एक जानेवारीला किती तळीरामांवर कारवाई झाली त्याचा आकडा छापून येतो. बातमी लिहिणाऱ्या मुलाने गडकऱ्यांचं 'एकच प्याला' वाचलेलं असतं असं नाही. त्याला तो शब्द आयता मिळालेला असतो, जसा आपल्याला 'नारदमुनी' किंवा 'कुंभकर्ण' मिळतो. नाटकातलं एक पात्र उठून भाषेत येऊन बसलं, आणि बसलं ते असं की त्याचं मूळ घर कुठलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

गंमत अशी की नाटकाचा नायक तळीराम नव्हे. नायक सुधाकर. बुद्धिमान, मानी, वकिलीत नाव काढलेला. एका अपमानाने घसरलेला आणि शेवटी विषाचा प्याला पिऊन संपलेला. पण गटारात पडलेल्या दारुड्याला आजवर कुणी सुधाकर म्हटलेलं मी ऐकलं नाही. समीक्षकांनी शंभर वर्षं सुधाकरावर लिहिलं, रसिक शंभर वर्षं त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडले, आणि भाषेने मात्र सुधाकराच्या कारकुनाला, तळीरामाला उचललं. हा योगायोग आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

प्रकाशकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी रीतसर सुरुवात केली होती. संस्कृत नाट्यपरंपरेत रंगभूमीवर मृत्यू दाखवायचा नाही हा दंडक, भासाच्या 'ऊरुभंगा'चा अपवाद, मग विनायक जनार्दन कीर्तन्यांचं १८६१ सालचं 'थोरले माधवराव पेशवे', मग शेक्सपिअर. तुरुंगात असताना आगरकरांनी हाती घेतलेला आणि १८८३ साली छापून आलेला 'हॅम्लेट'चा अनुवाद 'विकारविलसित', तो गाजवणारे गणपतराव जोशी, देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'वरून केलेलं 'झुंझारराव'. आठ-दहा पानं झाली. वाचून पाहिली तर त्यांत 'एकच प्याला' कुठेच नव्हतं. होता तो त्याच्याकडे येणारा रस्ता. ती पानं बाजूला ठेवली. कारण हे नाटक मला खऱ्या अर्थाने कळलं ते फोंडा तालुक्यातल्या माझ्या आजोळी, देवळासमोरच्या मांडवात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला.

गोव्यातल्या उत्सवी नाटकाची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. देवळाचा उत्सव असतो, पालखी फिरून येते, आणि मग गावातलीच माणसं नाटक करतात. पोर्तुगीज अमदानीतही हे थांबलं नव्हतं. शाळेत पोर्तुगीज, घरात कोकणी आणि देवापुढे मराठी नाटक, अशी तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी होती. आजही नाटकाची तालीम सुरू असताना पात्रं आपसात कोकणीत बोलतात. 'तुजें वाक्य जालें, आतां म्हजें' इथपर्यंत कोकणी, आणि दुसऱ्याच श्वासाला गडकऱ्यांचं पल्लेदार, अनुप्रासांनी लगडलेलं, अर्ध्या पानाचं वाक्य. पुण्या-मुंबईच्या नटाची जीभ या वाक्यांना अडखळते, कारण त्याला ती रोजच्या बोलण्यासारखी म्हणायची असतात. गोव्यातल्या नटाला तसा काही भ्रम नसतो. ही आपली बोलायची भाषा नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. तो ती गाण्यासारखी पाठ करतो, समेवर आणून सोडतो, आणि आश्चर्य म्हणजे ती पटते.

तर ती चैत्रातली रात्र. काजूचा हंगाम. आजोळच्या वाटेवर सगळीकडे पिकल्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास होता. बोंडांच्या रसाची दारू, उर्राक, निघायला लागली होती, आणि देवळाच्या माळाच्या कोपऱ्यावर, हद्द सोडून जेमतेम, एक तावेर्न उघडं होतं. दारूचे दुष्परिणाम दाखवणारं मराठीतलं सर्वांत मोठं नाटक त्याच्यापासून शंभर पावलांवर होणार होतं. यात कुणालाच काही विसंगत वाटत नव्हतं. उलट नाटकातल्या बाटल्या तिथूनच आणल्या होत्या, परतीच्या बोलीवर.

नाटकाची वेळ रात्री दहाची. पावणेअकरापर्यंत सत्कार चालले. मंडळाचे अध्यक्ष बोलले, खजिनदार बोलले, देणगीदारांना शाल-श्रीफळ झालं, प्रमुख पाहुण्यांनी व्यसनमुक्तीवर वीस मिनिटं घेतली. अध्यक्षांची बोलण्याची एक लकब होती: प्रत्येक वाक्याच्या शेवटी उजव्या हाताची तर्जनी वर करून 'या ठिकाणी' म्हणायचे. मला तेव्हा कंटाळा आला होता. हे पैसे पुढे वसूल व्हायचे आहेत हे ठाऊक नव्हतं.

मग घंटा, ऑर्गनचा सूर, नांदी.

नाटकाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, आणि मांडवातल्या तर शंभर टक्के लोकांना माहीत होती. सुधाकर हा स्वतःच्या हुशारीवर वर आलेला वकील. श्रीमंत घरची सिंधू त्याची बायको. कोर्टात झालेल्या अपमानाने त्याचा तोल जातो, सनद काही महिन्यांसाठी जाते, आणि घरी खचून बसलेल्या या माणसापुढे त्याचा कारकून तळीराम दुःखावरचा उतारा म्हणून एक प्याला धरतो. एकच. पुढचं सगळं त्या एका शब्दाचा विनोद आहे, आणि विनोद हा शब्द मी इथे मुद्दाम वापरतो.

कारण 'एकच प्याला' हे हसवणारं नाटक आहे. हे विधान शहरातल्या माणसाला खटकेल. आपण हे नाटक पाहतो ते बहुधा अडीच तासांत बसवलेलं, सिंधूची पदं आणि रडण्याचे प्रवेश जपून ठेवलेलं. मी स्वतः काही वर्षांपूर्वी पुण्यात असाच एक प्रयोग पाहिला होता. गाणं उत्तम होतं, प्रकाशयोजना देखणी होती, आणि तळीरामाच्या मंडळींचे प्रवेश 'आज चालत नाहीत' म्हणून दोन-चार मिनिटांवर आणले होते. मी कोरड्या डोळ्यांनी बाहेर पडलो आणि दोष गडकऱ्यांना दिला. म्हटलं, जुनं झालं. अश्रूंचा महापूर वगैरे ठीक आहे, पण आजच्या माणसाला हे भडक वाटणारच.

गावात कुणी काही कापलेलं नव्हतं. कापायचं कसं? मंडळात माणसं जास्त, प्रत्येकाला काम हवं. आर्यमदिरामंडळाच्या सभासदांची एकेक भूमिका म्हणजे गावातल्या एकेका घराचा मान. शास्त्री करणारे गृहस्थ वर्षभर सत्यनारायण सांगणारे खरेच भटजी होते, खुदाबक्ष करणारा बसचा कंडक्टर, आणि तळीराम हा वीज खात्यातला लाइनमन, चेहऱ्याने बारीक आणि डोळ्यांनी मोठा. त्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही असं मला नंतर तीन वेगवेगळ्या माणसांनी, न विचारता, सांगितलं.

आर्यमदिरामंडळ ही गडकऱ्यांची खास करामत. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात सभा, मंडळ, संस्था, ठराव, उद्देश, घटना यांचं पेव फुटलं होतं. उन्नतीसाठी मंडळ, एकीसाठी मंडळ, सुधारणेसाठी मंडळ. तळीराम दारू पिणाऱ्यांचं मंडळ काढतो आणि तीच भाषा जशीच्या तशी वापरतो. जाती-धर्माचे भेद जे सुधारकांना मोडता आले नाहीत ते एका टेबलाभोवती आपोआप मोडतात, हे तो दाखवून देतो. आणि शास्त्री व खुदाबक्ष शेजारी बसून पीत असताना त्याच्या म्हणण्यात खोट काढणं अवघड जातं. थट्टा दारूची आहे, सभ्यतेची आहे, आणि सभेत बसणाऱ्या प्रत्येकाची आहे.

आमचा लाइनमन उभा राहिला. मंडळाच्या उद्देशांवर बोलायला त्याने सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याच्या शेवटी उजव्या हाताची तर्जनी वर केली. 'या ठिकाणी' हे शब्द गडकऱ्यांच्या संहितेत नाहीत. ते त्याने म्हटलेही नाहीत. नुसतं बोट वर केलं आणि थांबला.

मांडव कोसळला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, अध्यक्ष पहिल्या रांगेत इतके हसले की त्यांच्या मांडीवरचा सत्काराचा नारळ घरंगळत विंगेपाशी गेला. मीही हसलो. पुढचा अर्धा तास आम्ही सगळे तळीरामाच्या ताब्यात होतो. तो जे म्हणेल ते आम्हाला पटत होतं. दारूच्या बाजूने त्याने केलेला युक्तिवाद इतका चलाख आहे की त्याला उत्तर देणारे चांगले लोक, म्हणजे रामलाल वगैरे, त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकातले वाटतात. माझ्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ मान हलवत म्हणाले, 'खरें सांगता तो.' आणि मध्यंतराआधीच दोघे-तिघे उठून तावेर्नच्या दिशेने गेले. हसतच गेले.

तिथे माझ्या मनात काहीतरी हललं, पण तेव्हा नाव देता आलं नाही.

गडकरी तीन नावांनी लिहीत. कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोद बाळकराम या नावाने, नाटकं स्वतःच्या. 'एकच प्याला'त ही तिन्ही माणसं एकाच वेळी काम करतात असं मला वाटतं. सिंधूच्या तोंडी गोविंदाग्रज बोलतो, सुधाकर खुद्द गडकऱ्यांचा, आणि तळीराम निखळ बाळकरामाचा. एरवी नाटककार विनोदी पात्र ठेवतो ते प्रेक्षकाला दम घ्यायला मिळावा म्हणून. इथे उलटं आहे. इथे दम घेण्याच्या जागीच पाय अडकवायचा फास लावलेला आहे. सुधाकराने पहिला प्याला उचलला तेव्हा आपण त्याला मूर्ख म्हणू शकत नाही, कारण तो प्याला देणारा माणूस आपल्यालाही आवडलेला असतो.

इथे इयागोची आठवण काढण्याचा मोह होतो. 'ऑथेल्लो'तही कॅसिओ एका प्याल्यापायीच घसरतो, आणि तो पाजणारा असतो इयागो. पण इयागोला माणूस बुडवायचा आहे. तळीरामाला कुणाला बुडवायचं नाही. त्याला सोबत हवी आहे. मालकाचं दुःख त्याला खरोखर पाहवत नाही, आणि त्याच्याकडे जे एकमेव औषध आहे ते तो मालकाला देतो. खलनायकाचा राग येतो. मित्राचा येत नाही. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीही 'मूकनायक'मध्ये दारूचा विषय घेतला होता. शिष्याने तोच विषय घेतला, पण दारूला एक चेहरा दिला, तोही हसरा, म्हणूनच 'मूकनायक' आज अभ्यासकांपुरतं उरलं आणि 'एकच प्याला' जत्रेत होतं. कोल्हटकरांवर अन्याय होत असेल तर तो मी पत्करतो.

दुसरा अंक, तिसरा अंक. मध्ये एकदा माइक बंद पडला आणि तळीरामाने कोकणीत दोन वाक्यं टाकली; गडकऱ्यांनी ती नक्की माफ केली असती. गीतेचं काम करणाऱ्या मुलीला बायकांच्या बाजूने अशा टाळ्या पडल्या की सिंधू करणारी थोडी नाराज झाल्याचं लांबूनही दिसलं. गीता ही तळीरामाची बायको. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. सिंधू सहन करते, नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून जिवाचं रान करते, आणि आजची वाचक बाई त्यावर चिडते. चिडावं. मात्र नाटकात गीताही आहे, गडकऱ्यांनीच लिहिलेली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकालाही दोन बायका शेजारी उभ्या करून दाखवलेल्या आहेत. कुठली खरी, हे त्यांनी सिंधूच्या बाजूने ठरवून टाकलं होतं. मांडवातल्या बायकांनी गीतेच्या बाजूने ठरवलं. नाटक दोन्हीला पुरून उरलं.

मग तळीराम मरणाला टेकतो. आणि पाहा, तिथेही गडकरी हसवतात. अंथरुणाभोवती मंडळाचे सभासद, डॉक्टर आणि वैद्य, त्यांची आपसातली चढाओढ. माणूस मरतो आहे आणि पदव्यांचं भांडण चाललं आहे. मांडव पुन्हा हसला. पण आवाज बदलला होता. सुरुवातीचा हसण्याचा लोट सगळीकडून एकदम यायचा. आता तो कुठे यायचा, कुठे अडायचा. उजवीकडच्या रांगा हसत होत्या तेव्हा मागच्या गप्प होत्या. लाइनमनने मरताना काही केलं नाही. ना छाती बडवली, ना डोळे फिरवले. फक्त इतका वेळ नाचणारी ती बोटं चादरीवर थांबली. माझ्यामागे एक पोरगा जोरात हसला, आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. तोवर त्याच प्रवेशाला तीही हसत होती.

सुधाकराचं नाटक खरं तर इथून सुरू झालं. तळीराम गेल्यावर रंगमंच रिकामा वाटू लागला आणि त्या रिकामपणात सुधाकर एकटा उरला. दारू सोडायची शपथ, कामाच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जाणं, तिथली हेटाळणी. त्याला हसणारे ते पांढरपेशे गृहस्थ पाहताना मला आमचाच मघाचा मांडव दिसला. आपण तळीरामाबरोबर हसलो होतो. हे लोक सुधाकराला हसत आहेत. मधलं अंतर फारसं नाही. व्यसनाच्या अवस्था उलगडून सांगणारं सुधाकराचं ते प्रसिद्ध भाषण मी अनेकदा वाचलं होतं आणि दर वेळी मला ते वकिली वाटलं होतं: मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. त्या रात्री कळलं की वकिलीच असायला हवं. हा माणूस आयुष्यात एकच गोष्ट उत्तम करत होता, बाजू मांडणं. आणि आता तो स्वतःविरुद्धची बाजू मांडतो आहे, तितक्याच कसबाने. माघारी आलेली ती तावेर्नकडची मंडळी मांडवाच्या कडेला, खांबांना टेकून उभी होती. त्यांतला एक, पंचेचाळिशीचा, हातातली विझलेली विडी तशीच धरून होता. भाषण संपलं तेव्हा टाळ्या आल्या नाहीत.

सिंधू दळायला बसते त्या जात्याच्या प्रवेशाबद्दल लिहायचं तर बालगंधर्वांचं नाव घ्यावंच लागतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. महिन्याभराच्या आत, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. नाटककाराने आपलं हे नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही. पदंही त्याची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि चालींमध्ये सुंदराबाईंचा वाटा मोठा. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. शालू-पैठणीत ज्यांना पाहायला लोक येत त्या बालगंधर्वांनी ठिगळं लावलेलं लुगडं नेसून जातं ओढलं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला केवढं धक्कादायक वाटलं असेल याची आपल्याला कल्पनाच करावी लागते. आपल्याला ते लुगडं आधीपासून माहीत आहे. आपला धक्का आधीच खर्च झाला आहे.

आमच्या सिंधूचं जातं खरं होतं. कुणाच्या तरी परसातून चौघांनी उचलून आणलेलं, मध्यंतरात पडद्यामागे 'सांबाळ, सांबाळ' असं ओरडत लावलेलं. तिने खरंच मूठभर नाचणी घातली आणि ओढायला लागली. ऑर्गनवाल्याने सूर दिला. पण दगडाचा घरघराट माइकने असा काही पकडला की ऑर्गन खाली गेला आणि गाणं त्या दगडाच्या आवाजावर उभं राहिलं. हे कुणी बसवलेलं नव्हतं. ध्वनिवाला पोरगा आवाज कमी करायला धावला आणि विंगेत कुणीतरी त्याचा हात धरला, तेही मला दिसलं.

आणि आता ते मूल. आधीच्या एका प्रवेशात सिंधूच्या मांडीवर त्यांनी खरंच एक बाळ दिलं होतं, तबलजीच्या बहिणीचं, सात-आठ महिन्यांचं, झोपलेलं. सगळ्या मांडवाला ते कुणाचं ते माहीत होतं. माझ्या मावशीने शेजारणीला त्याचं नावही सांगितलं. पुढे सुधाकर मुलावर काठी उगारतो त्या प्रवेशात अर्थातच ते नव्हतं. होतं त्याच दुपट्यात गुंडाळलेलं टॉवेलाचं गाठोडं. सगळ्यांना हेही माहीत होतं. खरं बाळ त्या क्षणी चौथ्या रांगेत आजीच्या खांद्यावर होतं, मी वळून पाहिलं.

सुधाकराची काठी उठली. गाठोड्यावर पडली. टॉवेलावर काठी पडल्याचा जो आवाज होतो तोच झाला, मऊ, जवळजवळ काहीच नाही. आणि मांडवात एका म्हाताऱ्या बाईने 'बाये!' अशी हाक मारली. ती हाक सिंधूला होती, की चौथ्या रांगेतल्या आजीला, की देवाला, हे सांगता येणार नाही. त्या हाकेनंतर नाटक संपेपर्यंत कुणी बोललं नाही. फौजदारापुढे सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, तो सगळा प्रवेश मी पुण्यात पाहिला होता तेव्हा मला न पटणारा वाटला होता. इथे त्यातलं पटणं-न पटणं हा प्रश्नच उरला नाही, कारण मांडवातला प्रत्येक माणूस त्या वेळी आपापलं काहीतरी लपवत होता असं वाटलं. वर केलेल्या त्या बोटाला आपण किती मोकळेपणाने हसलो होतो, ते प्रत्येकाला आठवत असणार. मला तरी आठवत होतं. मध्यरात्री मनात जे हललं होतं आणि ज्याला नाव देता आलं नव्हतं, ते हेच.

म्हणून ज्यांना हे नाटक भडक वाटतं त्यांच्याशी माझा वाद आता बदलला आहे. भडक आहेच. सिंधूचं दुःख भडक आहे, रामलालची भाषणं लांब आहेत, शरद आणि भगीरथाचं उपकथानक पुष्कळदा मध्ये येतं, आणि ते मी त्या रात्रीही डुलक्या घेत पाहिलं. सुधाकर हा खऱ्या शोकांतिकेचा नायक शोभतो का, की तो नुसताच एका बाटलीचा बळी आहे, या वादात दोन्ही बाजूंनी चांगली माणसं बोलून गेली आहेत. पण तो वाद सुधाकराला मध्ये ठेवून होतो. तळीरामाला मध्ये ठेवून पाहा. मग दिसतं की शोकांतिका रंगमंचावर होते त्यापेक्षा खुर्च्यांमध्ये जास्त होते, आणि ती व्हायला वेळ लागतो. तीन अंक भरपूर हसल्याशिवाय चौथ्याचा धाक बसत नाही. विनोद कापून जे उरतं त्याला लोक भडक म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

या आवृत्तीत म्हणूनच काही कापलेलं नाही. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश पूर्ण आहेत, डॉक्टर-वैद्यांची हमरीतुमरी पूर्ण आहे, ज्या कोट्या आज समजत नाहीत त्याही आहेत. जुनं शुद्धलेखन तेवढं बदललं आहे. वाचकाला माझी विनंती एवढीच, की तळीरामाचे प्रवेश मोठ्याने वाचावेत, शक्य झालं तर चारचौघांत, आणि हसू आलं तर आवरू नये.

प्रयोग संपला तेव्हा पूर्व उजळत होती. मेलेली पात्रं उठली, सिंधूने कपाळावरचा लाल रंग पदराने पुसला, आणि सगळी मंडळी रांगेत देवळाकडे तोंड करून उभी राहिली. भटजींनी, म्हणजे शास्त्रींनी, शेंडीवरचा टोप तसाच ठेवून गाऱ्हाणं घातलं. दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज तळीरामाचा होता.

नंतर मी चहा शोधत माळावर आलो. फेरीतली खाज्यांची दुकानं झाकली जात होती. लाइनमन अंगात तोच तळीरामाचा मळका कोट घालून एका क्रेटमध्ये बाटल्या भरत होता. उरलेला कोरा चहा त्याने एकेक करून माडाच्या मुळाशी ओतला. क्रेट खांद्यावर घेऊन तो तावेर्नकडे निघाला, आणि मीही मागोमाग. तावेर्नवाला अजून जागा होता. त्याने बाटल्या ओट्यावर मांडून मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि म्हणाला, 'बारा दिल्ल्यो. हांगा इकरा.'

'तिसऱ्या अंकांत एक फुटली,' लाइनमन म्हणाला, आणि कोटाच्या खिशात पैसे चाचपू लागला.